डाव्या सीटवरचं गाऱ्हाणं

"बंद कर."

"नाही करणार."

"मिथुन, वीस मिनटां झाली. गाडी उभी हा, माल अजून तिसऱ्या मजल्यार पॅक होता हा, आणि तुझा इंजिन घुरघुरता. कोणासाठी?"

"माझ्यासाठी. एसी चालू आहे ना, काका. इतक्या वर्षांनी ड्रायव्हरच्या नशिबात एसी केबिन आली, ती पण तुमच्या डोळ्यात खुपते?"

"काच खाली कर. वारो येता."

"साकीनाक्याला? इथे वारा आला तरी अर्धा तास सिग्नलला अडकून येतो."

खाली फुटपाथवर चहा पिणारे दोन हमाल हसले. बाळाकाकांना ते हसणं केबिनच्या बंद काचेतूनही ऐकू आलं. त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उघडली, थर्मास काढला, स्टीलचा पेला काढला, पेल्यात काठोकाठ चहा ओतला आणि तो डॅशबोर्डवर, बरोबर गणपतीच्या शेजारी ठेवला.

"हे काय? नैवेद्य?"

"परीक्षा. हयसून मुलुंडापर्यंत ह्यातलो एक थेंब सांडलो नाय, तर तू ड्रायव्हर. हळू रेस, हळू ब्रेक. पेलो हललो नाय म्हणजे डिझेल वाचला."

मिथुनने पेल्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, पेला उचलला आणि दोन घोटांत रिकामा करून परत गणपतीशेजारी ठेवला.

"घ्या. आता नाही सांडणार."

असे होते बाळाकाका घाडी यांचे दिवस. मुलुंडच्या चेकनाक्याजवळ धवलशेठचं ट्रान्सपोर्ट, चौदा गाड्या, चौदा ड्रायव्हर. त्यातल्या नऊ जणांना काकांनीच कोकणातून आणून, भांडुपच्या आपल्या खोलीत दोन-दोन महिने ठेवून, स्टिअरिंगला लावलेलं. मिथुन त्यातलाच. एकोणतीस वर्षांचा, गॉगल केसांवर चढवलेला, गाडी इतकी सुरेख वळवायचा की बघत राहावं. बाकीचे त्याचीच नक्कल करायचे. मिथुनने सिग्नल सुटायच्या आधी तीनदा रेस मारली की मागचे चौघे मारायचे. मिथुन जेवताना इंजिन चालू ठेवतो म्हटल्यावर सगळ्यांची जेवणं इंजिनच्या घरघरीतच होऊ लागली.

काकांनी स्वतः एकतीस वर्षं ट्रक चालवला. मग दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या कडा विझायला लागल्या. समोरचं लख्ख दिसे, बाजूचं मात्र कुणीतरी पडदा ओढल्यासारखं. डॉक्टर म्हणाले काचबिंदू. कुणी विचारण्याआधी काका स्वतःच ऑफिसात गेले आणि गाडीची चावी टेबलावर ठेवून म्हणाले, "शेठ, माका बाजूचा दिसणा नाय. ह्यापुढे मी चालवणं बरां नाय." नऊवारीतली बाई माहेर सोडताना रडत नसेल इतके काका त्या संध्याकाळी रडले, पण ते घरी, बाथरूमचा नळ सोडून. त्या वेळी पाणी किती वाया गेलं याचा जानकीकाकूंनी आजतागायत हिशेब ठेवलाय.

वडिलांचा धंदा चालवणारा धवलशेठ तरुण आणि मनाने चांगला. त्याने काकांना घरी पाठवलं नाही. एक भगवं जाकीट शिवून आणलं, पाठीवर इंग्रजीत 'फ्युएल कोच' छापलं, आणि सांगितलं, "काका, तुम्ही डावीकडे बसा. उजवीकडच्याला शिकवा." ड्रायव्हरांनी त्याच आठवड्यात त्यांचं नाव डिझेलबाबा ठेवलं. पण काका खूश होते. केबिन ती केबिन. उजवी नाही तर डावी. तोच उंचावरून दिसणारा रस्ता, तेच विक्रोळीच्या चढावर खाली गेलेल्या गिअरचं कण्हणं, तोच ऊन लागलेल्या रेक्झिनचा वास.

मात्र ॲव्हरेज काही हलेना. लिटरला साडेतीन किलोमीटर, वर नाही की खाली नाही. नवरात्राच्या पहिल्या दिवशी धवलशेठने काकांना बोलावलं आणि टेबलावर एक डबी ठेवली. साबणाच्या वडीएवढी, काळी.

"काका, हे केबिनमध्ये लागतं. जोरात ब्रेक मारला की बोलतं. इंजिन चालू ठेवलं की बोलतं. रिपोर्ट डायरेक्ट माझ्या फोनवर."

त्याने बटण दाबलं. डबीतून एक बाई अत्यंत शुद्ध मराठीत म्हणाली, "कृपया अनावश्यक प्रवेग टाळावा."

"दिवाळीपर्यंत थांबतो मी," धवलशेठ म्हणाला. "चारचा ॲव्हरेज काढून दाखवा. नाही निघाला तर चौदा गाड्यांत ही लावतो. मग तुम्हाला पण कशाला दगदग, काका? आराम करा घरी."

घरी आराम म्हणजे काय ते त्यांना दर रविवारी कळायचं.

त्याच रविवारी कळलं. जानकीकाकूंनी कढईत तेल घातलं तेवढ्यात मागून आवाज आला, "ज्वाळ कढयेच्या भायर जाता हा. बारीक कर."

काकूंनी बारीक केली.

"डाळ भिजत घातलंस? भिजवलंस तर कुकर दोन शिट्ये कमी मागता."

काकू वळल्या. हातात उलथनं होतं.

"तुमका सांगतंय, ती डबयेतली बाई गाडयेत बसली आणि तुमी हयसर घरात बसलात, तर मी जावन त्या डबयेत बसतलंय. आठ दिवस सलग तुमची शिकवणी माका झेपाची नाय."

"अगो, पण ते आयकणत नाय. मी काय करू? चाय ठेवलंय, तो प्यालो. गोष्टी सांगतंय, तर इयरफोन घालता. शेठान पडद्यार चित्रां दाखवल्यान तर सगळे ओळीन झोपले. मिथुन तर घोराक लागलो."

"कोणाचाच आयकणत नाय?"

"कोणाचा नाय."

"मगे दसऱ्याक तुमी गाऱ्हाणां घालतास तेव्हा बरे सगळे व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा करतत," काकू कांदा परतत म्हणाल्या. "तेव्हा कोण इयरफोन घालणा नाय तो."

काकांचं ज्वाळेवरचं लक्ष उडालं.

गाऱ्हाणं हा घाडींच्या घरचा वारसा. कणकवलीकडच्या गावात काकांचे आजोबा देवळाच्या पायरीवर उभे राहून सगळ्या गावाच्या वतीने देवाशी बोलायचे. वडील गिरणीत लागले, मुंबईकर झाले, पण गणपतीत चाळीचं गाऱ्हाणं त्यांच्याच तोंडी. आणि गेली वीस वर्षं दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली की धवलशेठच्या यार्डातलं गाऱ्हाणं बाळाकाकांचं. त्याची रीत ठरलेली. काका एक वाक्य ओढून म्हणणार, वाक्य संपताच सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणणार. वाक्य काय होतं ते ऐकायची कुणाला गरज नसते. ते तेच असतं. मालवणी माणसाच्या तोंडून 'व्हय म्हाराजा' निघायला डोकं लागत नाही, काकांचा सूर खाली उतरला की ते आपोआप बाहेर पडतं. बिगरमालवणी ड्रायव्हरही वीस वर्षांत तरबेज झालेले.

त्या रात्रीपासून दसऱ्यापर्यंत काका घरात अजिबात बोलले नाहीत. काकूंना वाटलं, मनाला लागलं.

दसऱ्याला यार्ड झेंडूने पिवळं झालं होतं. चौदा गाड्या रांगेत, बॉनेटला हार, प्रत्येक चाकापुढे लिंबू. कोपऱ्यातल्या राखणदाराच्या पिंपळाखाली नारळ मांडलेला. धवलशेठ कुर्ता घालून, जानकीकाकू प्रसादाचं पातेलं घेऊन, आणि ड्रायव्हर एरवी कधी दिसत नाहीत इतके स्वच्छ. नारळ धरायचा मान त्या वर्षी मिथुनचा. त्याने गॉगल खिशात ठेवला होता, ही देवाला दिलेली मोठी सूट.

काका पुढे झाले, जाकीट काढून बाजूला ठेवलं, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेकनाक्याच्या येशीवरच्या राखणदारा म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

"आज दसऱ्याच्या दिवशी ही तुझी लेकरां गाडये घेवन तुझ्या पुढ्यात उभी आसत. तेंची वेडीवाकडी सेवा गोड मानून घे म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

"घाटात, वळणार, उतारार, जंय जंय ही जातीत, थंय थंय तेंच्या पाठीशी उभो रव म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

काकांनी डोळे मिटले. सूर तसाच, वेग तसाच.

"आणि ह्या लेकरांनी आज तुझ्यासमोर शब्द दिलेलो आसा, का जो कोण उभ्या गाडयेत इंजिन पेटता ठेवीत म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

"जो कोण लाल सिग्नल दिसत असताना रेस मारीत आणि मगे ब्रेकार उभो रवात म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

"जो कोण इंजिनच्या मीटराचो काटो हिरव्या पट्ट्याच्या भायर नेयत, टायरात हवा कमी असताना आळस करीत, नायतर घाटात न्यूट्रल मारून गाडी सोडीत म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठा आवाज मिथुनचा होता. नारळ धरलेला माणूस मोठ्यानेच म्हणतो.

"तेका तूच काय तो बघून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

नारळ फुटला. लिंबं चिरडली. धवलशेठला मालवणीतलं एक अक्षरही कळलं नव्हतं, तो टाळ्या वाजवत म्हणाला, "काका, एकदम झकास." आणि मग प्रसादाचा शिरा तोंडात टाकता टाकता मिथुनचा हात थांबला.

"काका, मधलं ते काय होतं?"

"खयचा?"

"ते हिरव्या पट्ट्याचं."

"तां होय. मी सांगितलंय, तुमी व्हय म्हटलास."

काकूंच्या हातातला डाव पातेल्यात पडला. मग एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणे हे चालत नाही, कुणी म्हणे चालत नाही कसं, व्हय म्हटलंय. मिथुन लाल झाला होता.

"ही चीटिंग आहे, काका. गाऱ्हाण्यात ॲव्हरेज घालतात काय? उद्या पीयूसी घालाल."

"मगे जा आणि देवाक सांग, माझा व्हय परत दी."

ते सांगायला कोण जाणार? वर्षाचा दसरा, चाकाखालचं लिंबू अजून ओलं, आणि घाडीच्या तोंडचं गाऱ्हाणं. दुसऱ्या दिवशीपासून गंमत सुरू झाली. भिवंडीच्या गोदामाबाहेर नंबर लावून उभ्या गाड्या चिडीचूप. घाटकोपरच्या सिग्नलला एक ड्रायव्हर लांबूनच पाय उचलून असा अलगद येऊन थांबला, की मागच्या रिक्षावाल्याने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. देवनारकडचा एक ड्रायव्हर पहाटे उठून चौदाच्या चौदा टायरांत हवा बघू लागला, त्याच्या गाडीला दहाच टायर असूनही. उरलेले चार शेजारच्या गाडीचे. उगाच पाप नको.

घरी जानकीकाकू मात्र दोन दिवस घुश्शात होत्या. "देवाक डिझेलच्या कामाक लावलास," एवढंच म्हणाल्या. पण गॅसची ज्वाळ त्या आता आपणहून बारीक करायच्या. व्हय म्हाराजा त्याही म्हणाल्या होत्या.

राहिला मिथुन. चौथ्या दिवशी दुपारी काका यार्डात शिरले तर मिथुनची गाडी पिंपळाभोवती फिरत होती. माणूस चालेल त्याहून हळू. इंजिन चालू, एसी चालू, आणि मिथुन एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने जेवत होता. मांडीवर डबा, डॅशबोर्डवर वाटीत कुळथाची पिठी.

"ह्यां काय?" काकांनी खालून विचारलं.

"जेवतोय."

"इंजिन?"

"शब्द काय होता, काका? उभ्या गाडीत. ही उभी आहे?" आणि गाडी काकांसमोरून सावकाश पुढे गेली.

पुढच्या फेरीला परत समोर आली. "सांगा ना. उभी आहे?"

बाकीचे ड्रायव्हर आपापले डबे घेऊन बाहेर आले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता, की आपल्याला हे आधी का सुचलं नाही. काकांना दिसलं ते. उद्या दुपारी पिंपळाभोवती चौदा गाड्या फेर धरतील, ॲव्हरेज साडेतीनाच्याही खाली जाईल, आणि परवा ती काळी डबी.

त्यांनी वाद घातला नाही. गाडी तिसऱ्यांदा समोर आली तेव्हा डावं दार उघडून ते चालत्या गाडीत चढले आणि आपल्या जागेवर बसले.

"चलूदे."

"कुठे?"

"असाच. जेव तू. मी सोबत म्हणून इलंय."

पाचवी फेरी, सहावी फेरी. पिंपळ डावीकडून यायचा आणि डावीकडेच राहायचा. काकांनी पेला काढला, चहा ओतला आणि पिठीच्या वाटीशेजारी ठेवला. मिथुनने एक नजर टाकली. आता त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते, त्यामुळे चहा पिऊन टाकायची सोय नव्हती. आठव्या फेरीला त्याचा चेहरा जरा हिरवट झाला. गोल गोल फिरत भात खाणं दिसतं तितकं सोपं नाही.

"चक्कर येता?" काकांनी मायेने विचारलं.

"नाही."

नवव्या फेरीला यार्डातलं मांजर आडवं आलं. मिथुनचा पाय सवयीने ब्रेकवर जोरात बसला, आणि मांजर जाताच तितक्याच सवयीने रेसवर. पेला सरकला आणि थांबला, कारण काकांनी त्याच्या मागे गणपती ठेवला होता. पिठीच्या वाटीमागे कुणीच नव्हतं. ती मिथुनच्या मांडीवर आली. गरम होती.

इंजिन बंद झालं. म्हणजे मिथुनच्याच हाताने, उडी मारायच्या आधी.

खाली ड्रायव्हर पोट धरून हसत होते. मिथुन पँट झटकत, शिव्या घालत चाकाजवळ उभा होता, आणि अचानक गप्प झाला. हात वर करून त्याने सगळ्यांना गप्प केलं. मागच्या जोडचाकाच्या आतून बारीक आवाज येत होता. सूंऽऽ. इंजिनच्या घरघरीत तो ऐकूच आला नसता. आतल्या टायरात बोटाएवढा खिळा, हवा थेंबाथेंबाने चाललेली. दुपारी तीनला मिथुनला कसाऱ्यावरून नाशिकला जायचं होतं, गाडी भरलेली.

तो टायरपाशी उकिडवा बसून राहिला. मग उठला, पिठी लागलेले हात पँटला पुसले आणि पिंपळाकडे वळून जोडले.

यार्डात खिळे असतातच. फळकुटं, खोकी, पट्ट्या, वीस वर्षं तिथे खिळे पडतायत. काकांना ते माहीत होतं. सांगायला त्यांनी तोंडही उघडलं. मिथुनचे जोडलेले हात पाहिले आणि मिटलं.

त्यानंतर फेरे झाले नाहीत. मिथुनने जेवताना इंजिन बंद केलं, म्हणून सगळ्यांनी केलं. मिथुन सिग्नलवर लोण्यासारखी गाडी थांबवायला लागला, म्हणून ती फॅशन झाली. धनत्रयोदशीला धवलशेठने सगळ्यांना ऑफिसात बोलावून पडद्यावर आकडा दाखवला. चार पूर्णांक एक. या खेपेला कुणी झोपलं नाही.

"काका, कमाल केली तुम्ही," धवलशेठ म्हणाला. "मला आत्ता कळलं, ती पूजा काय होती. विद्याधरने मला सगळा अर्थ सांगितला." विद्याधर म्हणजे ऑफिसातला क्लार्क, मालवणचा, पोटात काही न ठेवणारा. "मग मी विचार केला, ही बाई बोलते ते कोणाला आवडत नाही." त्याने ड्रॉवरमधून काळी डबी काढली. "तर आपण हिच्यात तुमचा आवाज टाकू. गाऱ्हाणं रेकॉर्ड करू. ब्रेक मारला की बा देवा म्हाराजा. चौदा गाड्यांत एकदम. आणि तुम्ही घरी आरामात, पगार चालू. कसं?"

त्याला खरोखर वाटत होतं की तो दिवाळीची भेट देतोय. काकांनी डबीकडे पाहिलं. आपला आवाज केबिनमध्ये बसणार आणि आपण जानकीच्या कढईशेजारी.

बोलला मिथुन. "शेठ, ते नाही चालणार."

"का रे?"

"गाऱ्हाणं असं डबीतून होत नाही. माणूस लागतो समोर. घाडी लागतो. मशीनला कोण व्हय म्हाराजा म्हणणार? मी तर नाही म्हणणार." त्याने मागे पाहिलं. मागच्या तेरा माना हलल्या. "काका डाव्या सीटवर बसले की धाक असतो. डबी बसली की तिच्यावर मी रुमाल टाकीन. आत्ताच सांगून ठेवतो."

धवलशेठने डबी पाहिली, रुमालाची कल्पना केली आणि डबी परत ड्रॉवरमध्ये टाकली. "ठीक आहे. काका गाडीतच."

काकांनी श्वास सोडला. इतका मोठा, की समोरचे कागद हलले. पण मिथुन खाली बसला नाही. तो काकांकडे वळला होता. गॉगल हातात, चेहऱ्यावर चेष्टा नाही.

"पण काका, एक विचारू? खरं सांगायचं. त्या दिवशी तुम्ही देवाला खरंच सांगितलंत, की नुसतं आम्हाला बनवलंत?"

विद्याधरने टायपिंग थांबवलं. चौदा ड्रायव्हर आणि एक शेठ काकांच्या तोंडाकडे बघत होते. बनवलं म्हणावं, तर उद्या सकाळी चौदा इंजिनं घरघरणार. खरंच सांगितलं म्हणावं, तर पिंपळ खिडकीतून दिसत होता, त्याच्यासमोर खोटं कसं बोलायचं? आणि खरी पंचाईत अशी, की त्या दिवशी डोळे मिटल्यावर, कुठल्या वाक्यापर्यंत बनवाबनवी होती आणि कुठून पुढे हात आपोआप घट्ट जोडले गेले होते, ते काकांनाही आठवत नव्हतं.

"काका?"

बाळाकाकांनी टेबलावरचा आपला स्टीलचा पेला उचलला. रुमालाने आतून पुसला, बाहेरून पुसला. पिशवीत ठेवला. थर्मासचं झाकण घट्ट बसलंय ना ते पाहिलं. खुर्चीवरचं भगवं जाकीट खांद्यावर टाकलं. बाजूचं दिसत नसल्यामुळे त्यांनी मान पूर्ण वळवून एकदा मिथुनकडे, एकदा खिडकीकडे पाहिलं, आणि दार ढकलून बाहेर, रांगेत उभ्या असलेल्या मिथुनच्या गाडीकडे चालू लागले.